पाठवणाऱ्यालाच ठाऊक असतं ते

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची जुनी इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं होतं. भिंतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, तोही चुंबकीय गुण नाहीत ना हे तपासून. कड्या, बिजागऱ्या, खिळे तांब्या-पितळेचे. 1904 साली मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला ही वेधशाळा उभारण्याचं कारण होतं मुंबईची ट्राम. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या आणि 1846पासून त्या सलग होत्या. घोड्यांच्या ट्रामचा त्यांना त्रास नव्हता. ट्राम विजेवर चालणार असं ठरलं तेव्हा मात्र त्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड झालं. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा पक्की केली. पण नुसतं स्थलांतर करून ते थांबले नाहीत. एप्रिल 1904 ते मार्च 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो हे त्यामुळे मोजता आलं आणि जुन्या मालिकेला नवी मालिका जोडता आली. विजेची ट्राम 1907मध्ये धावू लागली. त्यानंतर तो फरक काढायचा म्हटला असता तर तो कोणालाच काढता आला नसता, कारण कुलाब्याला शांत क्षण उरलाच नव्हता.

या प्रकरणाचा विषय वरकरणी अगदी वेगळा आहे: एखाद्या स्वयंचलित स्क्रिप्टने वेबवरच्या एपीआयला रचनाबद्ध माहिती कशी पाठवावी. तरी त्याचं मूळ मूस यांच्या त्या दोन वर्षांत सापडतं. माहितीबद्दलच्या काही गोष्टी फक्त ती जिथे आणि जेव्हा निर्माण होते तिथेच, तेव्हाच कळतात. आकडा कोणत्या वेळेचा, कोणत्या एककात, किती खात्रीचा, कोणत्या वस्तूचा, आणि आकडा नसेल तर तो का नाही, हे सगळं पाठवणाऱ्याला ठाऊक असतं. त्याने ते संदेशात लिहिलं नाही, तर पलीकडचा कितीही हुशार असला तरी त्याला ते मागाहून भरून काढता येत नाही. रचनेचा खटाटोप यासाठी असतो. पाठवण्याचा यांत्रिक भाग त्या मानाने फार सोपा आहे.

तो सोपा भाग आधी पाहून घेऊ. वेब एपीआय म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा ठरावीक पत्ता, जिथे ठरावीक आकाराचा संदेश पाठवला की ठरावीक आकाराचं उत्तर येतं. वेबपान मागवताना ब्राउझर एचटीटीपीची ‘गेट’ विनंती करतो. माहिती द्यायची असेल तर बहुधा ‘पोस्ट’ विनंती असते. तिच्या वरच्या भागात हेडर असतात: मी कोण, माझ्याकडे परवानगीचं टोकन कोणतं, आणि खाली येणारा मजकूर कोणत्या स्वरूपाचा आहे. खालच्या भागात प्रत्यक्ष मजकूर, आजकाल बहुतेक वेळा जेसन या स्वरूपात. जेसनमध्ये प्रत्येक मूल्याला नाव असतं, आणि मूल्य संख्या आहे, अक्षरमाला आहे, हो-नाही आहे, यादी आहे की ‘नल’ म्हणजे रिकामं आहे, हे दिसून येतं. पायथनमध्ये हे काम चार-पाच ओळींत होतं, कर्ल या कमांडने एका ओळीत. सर्व्हर तीन आकडी क्रमांकाने उत्तर देतो. 200च्या घरात असेल तर स्वीकारलं, 400च्या घरात असेल तर चूक तुमची, 500च्या घरात असेल तर चूक आमची. शिकवणीचे बहुतेक धडे इथे संपतात.

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे. या संस्थेचं मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. अलिबाग इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातलं स्थानक आहे आणि त्याचं संकेतनाम ‘एबीजी’. या जाळ्यातल्या वेधशाळा दर मिनिटाची मूल्यं ठरावीक केंद्रांकडे पाठवतात. पूर्वी उपग्रहातून आणि ई-मेलने पाठवत. आता एडिंबरोचं केंद्र एचटीटीपीवरून येणाऱ्या फाइली घेतं, म्हणजे हे काम स्क्रिप्टवर सोपवता येतं. स्वरूप जेसनहून जुनं आहे. आयएजीए-2002 नावाच्या या स्वरूपात प्रत्येक ओळ बरोबर सत्तर अक्षरांची असते. आधी माहितीचं शीर्ष येतं: स्थानकाचं नाव, संकेत, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, कोणते घटक नोंदवले आहेत, संवेदक कोणत्या दिशेला रोखलेले आहेत, किती वेळाने नमुना घेतला जातो, आणि माहितीचा दर्जा काय. मग दर मिनिटाला एक ओळ: तारीख, वेळ, वर्षातला कितवा दिवस, चार मूल्यं. दिवसाच्या 1440 ओळी. वेळ सर्वत्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. दिसायला रूक्ष असली तरी मला ही फाइल फार विचारपूर्वक घडवलेली वाटते, आणि तिच्यातल्या दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे न मिळालेल्या आकड्याची. यंत्र बंद पडलं, वीज गेली, कोणी संवेदकाजवळून लोखंडी वस्तू नेली, तर त्या मिनिटाचं मूल्य खरं नसतं. अशा जागी 99999 लिहायचं असा नियम आहे. तो घटक त्या स्थानकावर मुळातच मोजला जात नसेल तर 88888. म्हणजे ‘मोजायला हवं होतं पण मिळालं नाही’ आणि ‘मोजतच नाही’ ही अज्ञानाची दोन रूपं वेगळी ठेवली आहेत. घाईने लिहिलेली स्क्रिप्ट इथे काय करेल? बहुधा शून्य टाकेल. अलिबागला क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे 38,400 नॅनोटेस्ला धरला आणि तासातल्या साठ नोंदींपैकी एकीच्या जागी शून्य बसलं, तर तासाची सरासरी 640 नॅनोटेस्लांनी खाली येते. 10 आणि 11 मे 2024च्या ज्या चुंबकीय वादळात लडाखच्या हानलेमधून आकाशात तांबडा प्रकाश दिसला, त्यात जगभरच्या स्थानकांवरून काढलेल्या डीएसटी या वादळ-निर्देशांकाची घसरण 400 नॅनोटेस्लांच्या थोडी पलीकडे होती. एका शून्याने कागदावर त्याहून मोठं वादळ उभं राहतं. आणि ते खरं वाटतं, कारण वादळात क्षैतिज घटक खालीच जातो. 99999 चुकून सरासरीत गेला तर ती हजाराहून अधिक वर उडते, आणि ते पाहणाऱ्याला लगेच खटकतं. अज्ञानाची खूण निवडताना ती खऱ्या मूल्यासारखी दिसणार नाही अशी निवडण्यामागे हे शहाणपण आहे. जेसनमध्ये ‘नल’ उपलब्ध असल्याने असा जादूचा आकडा लागत नाही, पण ‘नल’, शून्य, रिकामी अक्षरमाला आणि नावच गाळणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ठरवून वापरावं लागतं. आधीच्या मिनिटाचा आकडा पुढे ओढून भोक बुजवणं तर शून्याहून वाईट. तसं केलं तर वादळाच्या ऐन क्षणी बंद पडलेलं यंत्र संथ दिवस दाखवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्जाचं ते एक घर. त्यात बदल-नोंद, तात्पुरती, निश्चितवत किंवा निश्चित यांपैकी काहीतरी लिहावं लागतं. यंत्र फक्त बदल अचूक टिपतं, मूळ पातळी त्याला नीट माहीत नसते. ती ठरवायला आजही माणूस थिओडोलाइटवर बसवलेल्या संवेदकाने ठरावीक दिवसांनी निरपेक्ष मापन करतो. वर्ष संपल्यावर या मापनांवरून आधाररेषा ठरते आणि तेव्हा कुठे ‘निश्चित’ मूल्यं जाहीर होतात. म्हणजे एकाच मिनिटाची माहिती जगाकडे अनेकदा जाऊ शकते, दर वेळी वेगळ्या खात्रीने. हे घर नसतं तर पहिल्या तासातला कच्चा आकडा आणि वर्षानंतरचा पक्का आकडा यांत भेद उरला नसता. वादळाचा इशारा देणाऱ्याला कच्चा आकडा लगेच हवा असतो. 13 मार्च 1989ला क्वेबेकची वीज चुंबकीय वादळाने नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. अशा वेळी वर्षभर थांबून कोणाचं भागणार? तर क्षेत्राचा शंभर वर्षांचा कल अभ्यासणाऱ्याला पक्काच आकडा हवा. दोघांनाही तोच नळ पाणी देतो, आणि पाणी कोणतं हे नळावरच लिहिलेलं असतं.

आता त्याच किनाऱ्यावर उत्तरेला न्हावा-शेव्याकडे वळू. 26 मे 1989ला सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. तिथे कंटेनर हलण्याआधी त्याची माहिती हललेली असते: सीमाशुल्काच्या आइसगेट प्रणालीत शिपिंग बिल किंवा बिल ऑफ एंट्री, जहाज कंपनीकडे वजन, टर्मिनलकडे यादी, रस्त्यासाठी ई-वे बिल. 27 जून 2017ला नॉटपेट्या या घातक संगणक-प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पाडली, तेव्हा तिच्या समूहाच्या न्हावा-शेव्यातल्या टर्मिनलचं कामही अडलं. क्रेन शाबूत होत्या, धक्क्याला काही झालं नव्हतं, समुद्र तिथेच होता. कोणता डबा कोणाचा आणि कुठे जायचा, हे सांगणारा संदेश मात्र येत नव्हता.

कंटेनरच्या अंगावरचा क्रमांक हा रचनाबद्ध माहितीचा छोटासा, पण विलक्षण नेटका नमुना आहे. आयएसओ 6346 या मानकानुसार चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक पडताळणी अंक. अक्षरांपैकी पहिली तीन मालकाची, चौथं प्रकाराचं. प्रत्येक अक्षराला संख्या नेमून दिलेली आहे. डावीकडून पहिल्या स्थानाला 1ने, दुसऱ्याला 2ने, तिसऱ्याला 4ने असं दर वेळी दुप्पट करत गुणायचं, बेरीज करायची, 11ने भागायचं. बाकी राहील तो पडताळणी अंक, बाकी दहा आली तर शून्य. मानक समजावताना नेहमी दिला जाणारा क्रमांक आहे सीएसक्यूयू 305438, पडताळणी अंक 3. बेरीज येते 6185 आणि 11ने भागल्यावर बाकी खरंच 3. टाइप करताना 0 आणि 5 यांची अदलाबदल झाली, 350438 लिहिलं गेलं, तर बेरीज 6025 होते आणि बाकी 8. चूक तिथल्या तिथे पकडली जाते, कोणालाही फोन न करता. ही पडताळणी सर्व्हर करतोच. पण ती पाठवणाऱ्याच्या स्क्रिप्टने आधी करावी असं मी आग्रहाने म्हणेन. कारण चूक सापडते त्या वेळी खरा क्रमांक पाहायची सोय पाठवणाऱ्याकडे असते. डबा त्याच्या अंगणात उभा असतो. सर्व्हरला फक्त एवढंच कळतं की काहीतरी चुकलं आहे. काय, हे त्याला कळू शकत नाही.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. त्यांच्या मालाच्या बीजकात दोन ठिकाणी बारीक धोका असतो. कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांचा एचएसएन क्रमांक 0306ने सुरू होतो. स्क्रिप्टने तो एक्सेलच्या तक्त्यातून उचलला आणि तक्त्याने त्याला संख्या मानलं असेल, तर पुढचं शून्य गळून 306 उरतं. क्रमांक दिसायला संख्या असला तरी त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो नाव आहे, आणि नाव अक्षरमाला म्हणूनच पाठवायला हवं. दुसरा धोका एककाचा. जीएसटीच्या यादीत किलोसाठी ‘केजीएस’, मेट्रिक टनासाठी ‘एमटीएस’ आणि मीटरसाठी ‘एमटीआर’ असे संकेत आहेत. शेवटचं अक्षर चुकलं की कोळंबी मीटरने मोजली जाते. यंत्राला त्यात वावगं काहीच दिसत नाही, कारण संकेत यादीतला आहे आणि आकडा धन आहे. आकार बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो, म्हणून आकाराची तपासणी पुरेशी नाही. अर्थाची तपासणी, म्हणजे एका डब्यात इतकं वजन मावतं का, या मालाला हे एकक चालतं का, ही माल ओळखणाऱ्यालाच करता येते.

वेळेचा प्रश्न तर मूस यांच्याही आधीपासूनचा आहे. गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी 1830च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या चुंबकीय नोंदी एकाच क्षणी व्हाव्यात म्हणून गटिंगेनची वेळ प्रमाण धरली होती. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती, आणि भारतीय प्रमाणवेळ लागू झाली ती 1 जानेवारी 1906ला, अलिबाग-कुलाब्याच्या समांतर नोंदी चालू असतानाच. शहराने जुनी वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही. तेव्हा ‘सकाळी दहा’ एवढंच लिहिलेली नोंद एकोणचाळीस मिनिटांनी संदिग्ध असायची. आजच्या स्क्रिप्टलाही हीच संदिग्धता चिकटलेली आहे. जेसनमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही, ती साधी अक्षरमाला असते. सर्व्हर यूटीसीवर चालतो, कारखाना भारतीय वेळेवर. 1 एप्रिलच्या पहाटे दोन वाजता तयार झालेल्या बीजकाची तारीख स्क्रिप्टने यूटीसीच्या घड्याळावरून घेतली, तर ती 31 मार्च पडते आणि व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जातो. वेळेसोबत ‘+05:30’ ही सहा अक्षरं लिहिली की हा वाद मिटतो. ती लिहिणं पाठवणाऱ्याच्याच हाती आहे.

सर्वात अवघड प्रसंग मात्र पाठवल्यानंतर येतो. विनंती गेली, तीस सेकंद गेले, उत्तर आलंच नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर वीज आणि इंटरनेट जाणं नवं नाही. आता संदेश पोहोचला आणि उत्तर वाटेत हरवलं, की संदेशच पोहोचला नाही? स्क्रिप्टला हे ओळखायचा मार्ग नाही. पुन्हा पाठवलं तर तीच गोष्ट दोनदा नोंदण्याचा धोका, न पाठवलं तर एकदाही न नोंदण्याचा. यावरचा उपाय असा की प्रत्येक गोष्टीची ओळख तिच्या स्वतःच्या गुणांतून यावी, पाठवण्याच्या कृतीतून येऊ नये. वेधशाळेच्या फाइलीत स्थानक आणि मिनिट मिळून ओळख पूर्ण होते. तेच मिनिट दहा वेळा पाठवलं तरी जगात ते एकच मिनिट राहतं. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस व्यवस्थेने हेच तत्त्व फार चांगलं राबवलं आहे. 1 ऑक्टोबर 2020पासून 500 कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना आणि 1 ऑगस्ट 2023पासून पाच कोटींवर असणाऱ्यांना ती लागू झाली. तिथे प्रत्येक बीजकाला 64 अक्षरांचा संदर्भ क्रमांक मिळतो, आणि तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांच्यावर गणिती प्रक्रिया करून काढलेला असतो. तेच बीजक पुन्हा आलं की तोच क्रमांक निघतो आणि पोर्टल ‘हे आधीच नोंदलं आहे’ असं सांगतं. अशा वेळी हे उत्तर अपयश नसून पहिलं पाठवणं यशस्वी झाल्याचा पुरावा असतं, आणि स्क्रिप्टने ते तसंच वाचायला हवं. बाकी पुन्हा प्रयत्न करण्याचे नियम साधे आहेत: 429 (विनंत्या फार झाल्या) किंवा 503 (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आला तर थांबून, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत प्रयत्न करा, 400 आला तर तोच संदेश कितीदाही पाठवून उपयोग नाही.

एवढ्या काटेकोरपणाला आक्षेप आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला इंटरनेटच्या इतिहासातूनच येतो. जॉन पोस्टेल यांनी 1980मध्ये टीसीपीच्या मसुद्यात असं तत्त्व मांडलं की पाठवताना कडक राहावं आणि स्वीकारताना उदार. त्या उदारपणामुळेच वेगवेगळ्या विद्यापीठांत लिहिलेले कच्चे प्रोग्राम एकमेकांशी बोलू शकले, हे खरं आहे. मग सर्व्हरनेच थोडं समजून घेतलं तर काय बिघडतं? पत्त्यावर ‘सरपंचांच्या घरामागे’ एवढंच लिहिलेलं पत्रही गावचा पोस्टमन पोहोचवतो. तो पोहोचवतो कारण तो गाव ओळखतो. सर्व्हरला गाव ठाऊक नसतं. तो अंदाज करतो आणि अंदाज केल्याचं सांगत नाही. पाठवणाऱ्याला आपली चूक कळत नाही, ती रुळते, इतर जण तिचंच अनुकरण करतात आणि काही वर्षांनी चूक हेच मानक होऊन बसतं. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने 2023मध्ये आरएफसी 9413 या दस्तऐवजात पोस्टेल यांच्या तत्त्वाच्या याच दुष्परिणामांची चर्चा केली आहे. तत्त्वाचा पहिला अर्धा भाग, पाठवताना कडक राहण्याचा, मात्र कोणीही मोडीत काढलेला नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा. भाषेची मोठी प्रारूपं आता अस्ताव्यस्त मजकूरही वाचून त्यातून तक्ता काढतात. मग पाठवणाऱ्याने कशाला शिणावं? या प्रारूपांचा उपयोग खरा आहे, जुन्या कागदांवरची माहिती उतरवायला तर मोठाच. पण मजकुरात जे लिहिलेलंच नाही ते कोणतंही प्रारूप वाचू शकत नाही, ते फक्त संभाव्य वाटेल ते सुचवतं. कुलाब्याने 2 सप्टेंबर 1859ला टिपलेलं वादळ या बाबतीत बोलकं आहे. त्या दिवशी निरीक्षक नेहमीच्या तासाऐवजी काही मिनिटांच्या अंतराने डोळ्यांनी वाचन घेत होते. 2003मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अलेक्स यांनी त्या नोंदींवरून क्षैतिज घटकातली घसरण सुमारे 1600 नॅनोटेस्ला काढली. इतकी मोठी घसरण पाहून अंदाजाने चालणाऱ्या कोणत्याही यंत्रणेने ती चूक समजून गुळगुळीत केली असती. ती विश्वासार्ह ठरली, कारण वेळा आणि वाचनं शिस्तीने लिहून जपलेली होती; मूस यांनीही 1910मध्ये 1846 ते 1905च्या नोंदी दोन खंडांत तक्त्यांसह प्रसिद्ध केल्या होत्या. संभाव्यतेला सोडून असलेली गोष्टच जिथे मोलाची असते, तिथे संभाव्यतेवर चालणाऱ्या वाचकावर विसंबता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. काटेकोर रचनेचा भार लहान माणसावर पडतो. मोठ्या निर्यातदाराकडे सॉफ्टवेअरची माणसं असतात. करंजा-उरणच्या छोट्या व्यावसायिकाला क्लिअरिंग एजंटला पैसे द्यावे लागतात, आणि एका चुकलेल्या रकान्यापायी त्याचा नाशवंत माल अडू शकतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रचना सैल करून हा भार हलका होत नाही. सैल संदेशातली चूक आज खपली तरी ती पुढे सीमाशुल्काच्या किंवा कराच्या नोटिशीतून परत येते, आणि तोवर पुरावा शोधणं लहान माणसालाच जास्त जड गेलेलं असतं. भार हलका करायचा तर रचना ठरवणाऱ्याने काही कामं करावीत: नकार देताना कोणता रकाना, का चुकला आणि काय चाललं असतं हे स्पष्ट सांगणं, सगळ्या चुका एकदम सांगणं, एकेक करून नव्हे, खरी नोंद न होता सराव करता येईल असा चाचणी सर्व्हर देणं, एक्सेलमधून जेसन बनवणारं साधन फुकट देणं. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या व्यवस्थांत चाचणी सर्व्हरही आहे आणि असं साधनही. चूक कळवणारे संदेश मात्र अजून पुष्कळदा फक्त एक क्रमांक आणि तुटक इंग्रजी वाक्य एवढेच असतात. ते मराठीत आणि पूर्ण वाक्यात द्यायला काहीही आडकाठी नाही, आणि ते तसे मिळावेत ही मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरायला हवी.

पाठवणाऱ्याच्या बाजूला एक काम तरीही उरतं, आणि तेच बहुतेक स्क्रिप्टमध्ये सापडत नाही. जो संदेश गेला तो जसाच्या तसा, त्याच्या वेळेसह, आणि आलेलं उत्तर त्याच्या वेळेसह जपून ठेवणं. ‘पाठवलं’ अशी नोंद पुरत नाही. नेमकं काय पाठवलं हे हवं. त्यातून टोकन आणि पासवर्ड तेवढे गाळावेत. ई-इन्व्हॉइसचं पोर्टल सही केलेलं उत्तर परत देतं, पण ते कायमचं सांभाळण्याची जबाबदारी घेत नाही, ते ठरावीक काळापुरतंच पुन्हा मागता येतं. कायद्याने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची असतात, आणि ती जपण्याचं बंधन पोर्टलवर नाही, बीजक देणाऱ्यावर आहे. तेव्हा स्क्रिप्टने उत्तर वाचून हिरवी खूण उमटवण्याआधी ते डिस्कवर लिहावं, लिहिलं गेलं याची खात्री करावी, आणि मगच पुढच्या बीजकाला हात घालावा.